आप्पांचं नाक

चावी फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. पाठोपाठ असा वास आला की मी ओढणी नाकाला लावली.

"आप्पा, काहीतरी जळतंय."

शेजारच्या सीटवर माझे सासरे तनूला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढली, परत आत घेतली आणि अगदी सावकाश विचारलं, "कशासारखं?"

"कशासारखं म्हणजे? जळल्यासारखं."

"जळण्यातही जाती असतात, वैजू. रबर जळतं, कापड जळतं, केस जळतात, पाला जळतो. तुला काय येतंय?"

मी ओढणी काढून पुन्हा हुंगलं. "भुस्सा जळल्यासारखं. आणि त्यात उंदराच्या मुताची घाण आहे."

"बंद कर गाडी," आप्पा म्हणाले. "बॉनेट उघड. कुणीतरी संसार मांडलाय आत."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आम्ही तेव्हा कऱ्हाडला राहत होतो. जालिंदर, माझा नवरा, सात महिन्यांपूर्वी मस्कतला गेला होता आणि त्याची जुनी पांढरी गाडी तेव्हापासून दारात उभी होती. घरात मी, अडीच वर्षांची तनू आणि आप्पा. सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, जाऊन दीड वर्ष झालं होतं.

मी नर्सिंगचा कोर्स करून चार वर्षं घरी बसले होते. आणि अचानक आरोग्यसेविका म्हणून माझी ऑर्डर आली. उपकेंद्र आंबेखिंडीला, पाटणच्याही वर, डोंगरात. तिथे जाणारी एसटी अकराला पोचायची आणि तीच साडेअकराला परत फिरायची. म्हणजे नोकरी करायची तर पोरीला इथे टाकून तिथे खोली घेऊन राहायचं, नाहीतर स्वतःची गाडी चालवत रोज जायचं-यायचं. गाडी चालवायला मी शिकले होते, पण गाव सोडून कुठे गेले नव्हते. हजर व्हायला नऊ दिवस होते. जालिंदर फोनवर म्हणाला होता, "गाडी जुनी झालीय. रस्त्यात काही झालं तर घाटात कोण येणार? त्रास देत असेल तर सरळ नको म्हणून कळव." तो चिडून बोलला नव्हता, काळजीनंच बोलला होता. पण त्या 'नको म्हणून कळव'नं मला झोप लागली नव्हती.

आप्पांनी मात्र एवढंच म्हटलं होतं, "गाडी मी बघतो."

आणि आप्पांनी बघतो म्हटलं की विषय संपायचा. आप्पा, म्हणजे बाळकृष्ण लोहार, एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होते. डेपोत त्यांना 'नाकवाले लोहार' म्हणायचे. गाडी फाटकातून आत येताना नुसत्या धुराच्या वासावरून क्लच जळतोय की ब्रेक धरलाय हे ते सांगायचे, असं त्यांच्या वयाचे लोक अजून सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या माहेरच्या लाडवांच्या डब्याचं झाकण उघडायच्या आधीच त्यांनी सांगितलं होतं, "डिंकाचे आहेत. आणि तूप म्हशीचं."

तर बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथून सायलेन्सरची नळी खाली जाते, तिथे गोधडीच्या चिंध्या, सुकं गवत आणि तनूचा हरवलेला एक पायमोजा असं गुबगुबीत घरटं होतं. एका बाजूनं काळं पडून धुमसत होतं. आप्पांनी चिमट्यानं ते उचलून बाहेर काढलं, वर पाणी ओतलं, वायरी एकेक करून बोटांनी चाचपल्या. एक कुरतडलेली सापडली, ती जोडून टेप गुंडाळली.

"बरोबर ओळखलंस," ते म्हणाले. मी खूश झाले. ते माझी परीक्षा घेत होते असंच मला वाटलं. त्यांना वास कधीच कळला असणार, मला शिकवायचं म्हणून विचारतायत. मास्तरांना उत्तर ठाऊक असतंच की.

दोन दिवसांनी सकाळी गाडी सुरू केली तर वेगळाच वास. गोड.

"आप्पा, आज गोड येतोय."

"कशासारखा?"

आता मला सवय झाली होती. मी डोळे मिटले. "पाकासारखा. गुळाचा नाही, साखरेचा." मग वाटलं, नाही. "खोकल्याचं औषध असतं ना, मुलांचं? बाटलीचं बूच उघडल्यावर येतो तसा."

"काचेवर वाफ धरलीय का आतून?"

धरली होती. मी बोटानं रेघ ओढून दाखवली. बोट चिकट झालं.

"पायाखालची चटई चाचप."

चटई ओली होती. आप्पांनी मान हलवली. इंजिन थंड ठेवायला जे पाणी असतं त्यात एक औषध घालतात, त्याला तो गोड वास असतो. आणि गाडीतल्या हीटरची छोटी टाकी गळत होती, तिथून ते आत येत होतं. "हे कळलं नसतं तर घाटात पाणी संपून इंजिन जाम झालं असतं," ते म्हणाले. "आपल्याकडे हीटर लागतोय कुणाला? त्याला वगळून टाकू." त्यांनी हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप सोडवून एकमेकांना जोडून टाकले. मी दहा नंबरचा पाना, बारा नंबरचा पाना देत राहिले. तनू आमच्यामध्ये बसून प्रत्येक पान्याला "हा माझा" म्हणत होती.

तो आठवडा फार चांगला गेला. सासऱ्यांशी मी तोवर जेवायला वाढण्यापुरतंच बोलत होते. आता आम्ही दोघं रोज सकाळी बॉनेटमध्ये डोकी घालून उभे असायचो. ते मला विचारायचे आणि मी सांगायचे. ब्रेक सारखा दाबला की येणारा वास, बॅटरीचं पाणी उकळलं तर येणारा कुजक्या अंड्याचा वास, इंजिनावर ऑइल सांडलं तर येणारा, कढईत तेल जास्त तापल्यावरचा. ते सगळं तोंडपाठ असल्यासारखे सांगायचे. "नाक चांगलं आहे तुझं," एकदा म्हणाले, आणि हातातला पाना उगाच पुसत राहिले.

शुक्रवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दूध करपल्याचा वास आला म्हणून आत धावले. आप्पा ओट्यापासून दोन हातांवर खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पातेलं तळाशी काळं झालं होतं.

"अहो आप्पा, दूध!"

"अरे! पेपरात गुंगलो बघ," ते म्हणाले आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन स्वतः घासायला बसले. मी हसून सोडून दिलं.

हजर व्हायचा दिवस सोमवार होता. दहाच्या आत पोचायचं होतं, म्हणून आठला निघायचं ठरलं. आप्पा पहाटेच उठले होते. साडेसहाला त्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला, गाडी पुसली, बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. लोहाराच्या घरात अवजाराची पूजा झाल्याशिवाय काम सुरू होत नाही, असं ते म्हणायचे. मग त्यांनी गाडी सुरू केली, बॉनेट वर करून शेवटचं एकदा ऑइल-पाणी बघितलं, आणि चालू इंजिनाला ओवाळायला ताटलीत कापूर पेटवला.

मी तनूला कडेवर घेऊन दारातून बाहेर आले. पहिल्या पायरीवरच नाकात भपकारा शिरला.

"आप्पा, थांबा!"

इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ते ताटली घेऊन बॉनेटकडे वळले. मी तनूला पायरीवर ठेवलं आणि धावले. ताटली इंजिनापासून हातभर लांब असेल तेव्हा मी त्यांच्या मनगटावर खालून फटका मारला. ताटली लांब मातीत जाऊन पडली, कापूर तिथेच जळत राहिला. मी तो नव्या चपलेनं तुडवला, मग गाडीत हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"वैजू!" मी त्यांना एवढं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पूजेचं ताट? आजच्या दिवशी?"

"पेट्रोल, आप्पा! पेट्रोलचा वास येतोय! दारापर्यंत येतोय!"

त्यांनी इंजिनाकडे बघितलं. मग वाकले, चेहरा अगदी पाइपांजवळ नेला आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग वळून माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, "खूप येतोय का गं?"

तेव्हा मला कळलं.

तनू पायरीवर रडत होती. मी तिला उचललं आणि तिथेच बसले. आप्पा माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. मलकापूरच्या नाक्यावर स्कूटरवरून पडलो होतो, आठवतंय? डोक्याला मागनं मार बसला. चार टाके पडले. घरी आलो तर आक्कानं सांबार फोडणीला टाकलं होतं आणि मला काही आलंच नाही. वाटलं सर्दी असेल. आठ दिवसांनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आलं तर येईल. नाही आलं."

"आणि डेपोत?"

"आठ महिने राहिले होते निवृत्तीला. कानानं आणि हातानं काढले. पोरं विचारायची, लोहारमामा, वास घ्या की. मी म्हणायचो, आधी तुम्ही सांगा, कशासारखा येतोय." ते मातीकडे बघत होते. "नाकवाले लोहार म्हणून नारळ-शाल दिली मला. कुणाला सांगू?"

"आक्कांना माहीत होतं?"

"तिला न सांगता कळलं. म्हणून तर ती ताट वाढताना बडबडायची ना. आज आमटीला गोडा मसाला ताजा आहे, आज वांग्यात तिळाचं कूट भाजून घातलंय, भाताला इंद्रायणीचा वास सुटलाय."

मला आठवलं. मला वाटायचं, सासूबाई स्वतःच्या हाताचं कौतुक करतायत. मनात थोडी हसायचेही मी त्यांना.

पण त्या वेळी मला माया नाही, राग आला. "आप्पा, मला सांगायला नको होतं? मी रोज हिला तुमच्यावर सोडून जाणार होते. गॅस आहे घरात. आज ही माझ्या कडेवर होती. अजून दोन पावलं पुढे आले असते तर?"

"बोल. बोलायलाच पाहिजे तू." त्यांनी मान वर केली नाही. "गॅसचं सांगतो. घरात तनू आणि मी असलो की सिलिंडरचा कॉक बंद करून ठेवतो. दुपारचा चहासुद्धा करत नाही. शुक्रवारी तू अंगणात होतीस म्हणून दूध ठेवलं, तेवढ्यात घोटाळा झाला. पण आजचं... आजचं मला सुचलं नाही. पूजा म्हणजे कापूर, हात सवयीनं गेला. चुकलं माझं."

मी हातानं तनूचे डोळे पुसले.

"जालिंदरला सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता? म्हाताऱ्याच्या भरवशावर पोर ठेवू नको, गाडी विकून टाक, नोकरी नको म्हणून कळव. तुझी ऑर्डर आली त्या दिवशी तू ती देवापुढे ठेवलीस आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडलीस. मी पाहिलं होतं. म्हटलं, नाक हिचं, डोकं माझं, दोघं मिळून गाडी काढू. तुला न कळता जमलं तर बरं."

समोरच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. आप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

मी घड्याळ बघितलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी जाणार नाही असं म्हणायला तोंड उघडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून आलं, "पेट्रोल कुठून गळतंय, ते कसं शोधायचं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले.

"तनूला समोरच्या काकूंकडे दे. बॅटरीची वायर काढ. हातातल्या बांगड्या वर सरकव."

त्यांनी सांगितलं आणि मी केलं. आधी सगळे पाइप कोरड्या फडक्यानं पुसले. वाफ उडून जाईपर्यंत दहा मिनिटं थांबलो. मग बॅटरी जोडली, त्यांनी दोन सेकंद चावी फिरवून बंद केली. आता मी पाइपाच्या एका टोकापासून हुंगत निघाले. आप्पांनी माझं कोपर धरून ठेवलं होतं.

"इथे नाही... इथे थोडा... आप्पा, इथे जास्त आहे. फिल्टरच्या मागे."

त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट नेलं. रबरी पाइपाला खालच्या अंगाला बारीक चीर होती, सात महिने उन्हात उभ्या गाडीत रबर तडकलं होतं. त्यांचं बोट ओलं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग लक्षात येऊन फडक्याला पुसलं.

पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत पेट्रोलच्या नव्या पाइपाचं भेंडोळं होतं. आप्पांनी मापानं तुकडा कापला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. पुन्हा गाडी सुरू केली. मी तीनदा हुंगलं. एकदा समोरून, एकदा खाली वाकून, एकदा आत बसून.

"काही नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. तुमच्या हाताच्या साबणाचा येतोय फक्त."

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी तनूला परत आणलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं. "बसा आप्पा. आज आपण तिघं जाऊ. उद्याचं उद्या बघू."

त्यांनी वाद घातला नाही. घरात जाऊन टोपी घालून आले.

पाच मिनिटं कमी दहाला मी आंबेखिंडीच्या उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये सही केली. हातांना काळं होतं, सहीशेजारी बोटाचा ठसा उमटला. आप्पा दिवसभर व्हरांड्यात बाकावर बसून तनूला डोंगरातल्या म्हशी मोजायला लावत होते. दुपारी एक बाळंतीण बाळाचं वजन करायला आली. बारा दिवसांचं बाळ होतं. तिला अंगठा उठवायचा होता म्हणून तिनं बाळ बाकावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या ओंजळीत बिनधास्त देऊन टाकलं. मी खिडकीतून बघत होते. आप्पांनी बाळाला नीट पेललं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच त्याच्या टाळूशी नाक नेलं. थोडा वेळ तसेच राहिले. मग बाळाला परत दिलं.

त्याच आठवड्यात आप्पांनी स्वतः फोन करून जालिंदरला सगळं सांगितलं. मी बाजूला उभी होते. तो पहिल्यांदा ओरडला आणि मग बराच वेळ नाक ओढत राहिला. समोरच्या काकू दुपारी येऊन चहा करून द्यायला लागल्या. मी जाताना सिलिंडरचा कॉक बंद करायची आणि रोज ताट वाढताना बडबडायची. मी त्या गाडीतून सहा वर्षं आंबेखिंडीला गेले. आप्पा त्यातली पाच वर्षं होते.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या दिवशी परत येतानाचं. चार वाजले होते. तनू मागे झोपली होती आणि आप्पा आता पुढे, माझ्या शेजारी बसले होते. घाट उतरून आम्ही सपाटीला लागलो तसं ते एकदम म्हणाले, "तनू झाली तेव्हा माझं नाक जाऊन सहा महिने झाले होते."

मी गाडीचा वेग कमी केला.

"जो येईल तो तिला उचलायचा आणि हुंगायचा. म्हणायचा, अहाहा. मीही हुंगायचो. मीही म्हणायचो." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "जालिंदरचा वास आठवायला बघतो, तर तो लहान होता तेव्हा मी सारखा ड्युटीवर. हातांना कायम डिझेल. मी त्याला फारसा घेतलाच नाही."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागे वळून तनूच्या डोक्याशी वाकले. घामानं केस कपाळाला चिकटले होते. मी श्वास घेतला.

"दुधासारखा," मी म्हणाले. "नाही. दूध नाही. ऊन लागलेल्या... नाही, आप्पा. म्हणजे थोडा भाकरीच्या पिठासारखा, पण..."

गेले नऊ दिवस मला प्रत्येक वासाला शब्द सापडत होता. आता एकही सापडेना. मी पुन्हा वाकले, पुन्हा हुंगलं, आणि मला हसू यायला लागलं, डोळ्यांत पाणीही आलं.

"थांबा हं, सांगते. मला येतंय, फक्त सांगता येईना."

"राहू दे," आप्पा म्हणाले. ते रस्त्याकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. "कळलं मला."